ऐंशी ईमेल, तीन उत्तरं

प्रिय वाचक मैत्रिणी,

एमएस्सीला चांगले गुण असूनही पीएचडीसाठी परदेशातल्या ऐंशी प्राध्यापकांना पाठवलेल्या ईमेलपैकी फक्त तिघांचं उत्तर आलं, तेही ‘जागा नाही’ असं. ‘माझ्यातच काही कमी आहे का?’ असं तू विचारतेस. तू सोबत जोडलेला ईमेलचा मजकूर वाचला. त्या ऐंशीपैकी बहुतेकांनी तुझी गुणपत्रिका उघडलीही नसेल, त्यामुळे आधी स्वतःला दोष देणं थांबव.

पीएचडीच्या जागेचा पैसा कुणाच्या हातात असतो, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत पीएचडीचा प्रवेश बहुतेक ठिकाणी विभागाची समिती ठरवते आणि अर्ज साधारण डिसेंबरात बंद होतात. तू फेब्रुवारीत लिहिलंस. तोवर निवड सुरूही झाली होती. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएचडी ही बऱ्याचदा पगारी नोकरी असते आणि तिची रीतसर जाहिरात निघते. अशा जागा विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर शोधल्या तर सापडत नाहीत. नोकऱ्यांच्या पानावर आणि ‘युराक्सेस’ (EURAXESS) या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या पोर्टलवर बघ. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क, म्हणजे युरोपीय संघाच्या पैशावर चालणारे पीएचडी कार्यक्रम, त्यांच्या जागाही तिथेच असतात. त्यांची एक अट नीट वाच: ज्या देशात जागा आहे तिथे भरतीआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली किंवा काम केलेली व्यक्ती चालत नाही. तिथेच मास्टर्स केलेले हुशार उमेदवार या एका अटीवर बाद होतात.

तिसरी वाट म्हणजे स्वतःची स्कॉलरशिप घेऊन जाणं. ‘डाड’ (DAAD) ही परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था. तिच्या संशोधन स्कॉलरशिपला प्राध्यापकांचं संमतीपत्र लागतं. थेट ईमेलचा खरा उपयोग इथे.

तुझा ईमेल ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत’ने सुरू होतो आणि ऐंशी जणांना तोच गेलाय. ते लगेच ओळखू येतं. त्याऐवजी त्यांचा अलीकडचा एक पेपर वाच आणि त्यातून तुला पडलेला नेमका प्रश्न पहिल्याच ओळीत लिही. मग प्रबंधासाठी तू स्वतः काय केलंस ते सांग: कोणतं तंत्र, किती नमुने, हाती काय लागलं. शेवटी कोणत्या स्कॉलरशिपला अर्ज करणार आणि तिची अंतिम तारीख कधी. दीडशे-दोनशे शब्द पुरे. दोन पानी सीव्ही आणि गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये. दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण कर. आठवड्याला असे चार-पाचच ईमेल होतील, पण तेवढेच पाठव.

शिफारसपत्र विभागप्रमुखांपेक्षा तुझ्या प्रोजेक्ट गाइडकडून घे. तुझं काम त्यांनीच पाहिलंय. किमान महिनाभर आधी माग. ऐनवेळी मागितलेलं पत्र गुळमुळीत निघतं.

ऑफर आली की फी माफ आहे का, स्टायपेंड वर्षाचे नऊ महिने की बारा, किती वर्षांची हमी आणि शिकवण्याचे तास किती, हे लेखी विचार. अर्जाची फी काही विद्यापीठं घेतात, ती माफही होऊ शकते. पण ‘जागा मिळवून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नकोस.

आणि त्या तिघांना आजच दोन ओळी लिही. ‘जागा नाही’ म्हणजे पुष्कळदा ‘माझ्याकडे पैसा नाही’. त्यातले एक जर्मनीतले आहेत ना? मी डाडला अर्ज केला तर मार्गदर्शक व्हाल का, असं त्यांना सरळ विचार.