पावसाळा आला की कुत्रा सारखे पंजे चाटतो, पोट खाजवतो. काय करावं?

आधी बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे बघा. गोचीड किंवा पिसवा सापडल्या तर पहिला इलाज त्यांचा. काहीच नसेल आणि दरवर्षी याच दिवसांत त्रास होत असेल, तर बुरशी, परागकण, ओलं गवत यांचा संशय घ्या. फिरवून आणल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवा आणि बेचक्या खरंच कोरड्या करा. आमच्याकडे त्यासाठी जुना पंचा दाराशीच टांगलेला असतो. आपला शॅम्पू, डेटॉल नको. डॉक्टरांनी दिलेला औषधी शॅम्पू मात्र 10 मिनिटं अंगावर राहू द्या, लोक लगेच धुऊन टाकतात. घरातली ॲलर्जीची गोळी मनाने देऊ नका. काहींत सर्दीचं औषधही मिसळलेलं असतं, ते कुत्र्याला घातक. कानाला आंबूस वास किंवा चट्टा ओला दिसला तर सरळ दवाखाना गाठा.