स्पंज पाणी ‘शोषतो’ का? आणि ऑस्टिया कुठली, ऑस्कुला कुठली?

प्रश्न असा आहे : दहावीच्या विज्ञानात स्पंजाच्या छिद्रांना ‘ऑस्टिया’ आणि ‘ऑस्कुला’ अशी दोन नावं येतात. पाणी आत नेमकं कुठून शिरतं? आणि ‘स्पंज पाणी शोषतो’ असं लिहिलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. ‘शोषणे’ हे क्रियापद आंघोळीच्या स्पंजाला चपखल बसतं. पण तो स्पंज म्हणजे मेलेल्या प्राण्याचा सांगाडा, स्पाँजिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा. त्याच्या बारीक पोकळ्यांत पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि पिळेपर्यंत तिथेच राहतं. समुद्रतळाच्या खडकाला चिकटलेल्या जिवंत स्पंजातून मात्र पाणी वाहत असतं. तिथे मी ‘खेचून घेतो’ असं लिहीन, किंवा त्याहून नेमकं, ‘गाळतो’.

हे काम कॉलर पेशींचं. प्रत्येक पेशीला एक कशाभिका, म्हणजे चाबकासारखा हलणारा सूक्ष्म धागा, असते आणि तिच्याभोवती अतिसूक्ष्म बोटांची गळपट्टी. कशाभिका हलत राहते, पाणी पुढे सरकतं, गळपट्टीच्या फटींत जिवाणू अडकतात. तेच स्पंजाचं अन्न. हृदय नाही, स्नायू नाहीत, तरी जेमतेम 10 सेंटीमीटर उंचीच्या ल्युकोनिया स्पंजातून दिवसाला सुमारे 22.5 लिटर पाणी जातं, असा हिशोब प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत सापडतो. कॉलर पेशी ज्या कोठड्यांत असतात त्या लाखोंनी असतात. पात्र रुंदावलं की नदी संथ होते, तसं पाणी तिथे मंदावतं आणि अन्न टिपायला सवड मिळते. पुढे सगळ्या वाटा अरुंद तोंडाशी एकत्र येतात आणि पाणी वेगाने लांब फेकलं जातं. वापरलेलं पाणी पुन्हा आपल्याच अंगात यायला नको, यासाठी तो वेग फार मोलाचा.

आता नावं. पाणी आत घेतात त्या ऑस्टिया : असंख्य, बहुधा नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. बाहेर सोडतं ते ऑस्कुलम. ‘ऑस्कुला’ हे त्याचं अनेकवचन. लॅटिनमध्ये ऑस्टियम म्हणजे दार, तर ऑस्कुलम म्हणजे इवलंसं तोंड. तोंड म्हटलं की त्यातून अन्न आत जाणार असं वाटतं, आणि इथेच उत्तर उलटं लिहिलं जातं. अशा वेळी आपलं ‘मुख’ आठवावं. नदीमुखातून पाणी बाहेरच पडतं, ज्वालामुखीतून लाव्हाही बाहेरच येतो. ऑस्कुलम त्या अर्थाने मुख आहे.

ही दिशा पूर्वी अभ्यासकांनाही ठाऊक नव्हती. एकाच छिद्रातून पाणी आत-बाहेर होतं, असा समज होता. 1825 च्या सुमारास स्कॉटलंडच्या रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा मोठ्या छिद्रातून सतत बाहेर उसळणारी धार त्यांना दिसली. आपण ज्याला रंध्रीय प्राणीसंघ म्हणतो, त्याचं ‘पोरिफेरा’ हे नावही त्यांचंच.