गावातल्या रस्त्यावर खरंच किती खर्च झाला, हे साध्या माणसाने कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की गल्लीतला काँक्रीट रस्ता पहिल्याच पावसात उखडला आणि खर्च विचारला तर 'ऑनलाइन बघून घे' म्हणाले. मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो. हे उत्तर मी ऐकलंय आणि, कबूल करतो, एकदोनदा दिलंही आहे.

आधी काम कोणत्या निधीतून झालं ते काढा. इथेच निम्मी माणसं चुकतात. पंधराव्या वित्त आयोगातलं, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला आलेल्या निधीतलं असेल तर ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आराखडा आणि दिलेली रक्कम दिसते. त्यातही 2021-26 या काळासाठी 60 टक्के पैसा बंधित ठरवलेला आहे, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. रस्ता झालाच तर उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांतून. पण गावातले बरेच रस्ते आमदार निधी, जनसुविधा योजना किंवा 'पंचवीस-पंधरा'तून (2515 या लेखाशीर्षाखालचा राज्याचा ग्रामविकास निधी) होतात. ते पैसे अनेकदा पंचायतीच्या खात्यात येतच नाहीत. काम बांधकाम विभाग काढतो आणि शिव्या सरपंचाला बसतात. कामाच्या जागी फलक लावलेला असेल तर त्यावर योजनेचं नाव असतं. आमच्याकडे फलक होता, फक्त रकमेवर चिखल उडालेला होता. योगायोग असेल.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. मी सदस्य नव्हतो तेव्हा पहिला अर्ज केला होता, त्यात विचारलं, 'रस्ता इतका निकृष्ट का झाला?' उत्तर आलं की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. राग आला, पण चूक माझीच होती. या कायद्यात 'का' विचारून उपयोग नसतो, कागद मागायचा असतो. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून एका अर्जात एकच काम धरा आणि त्याचे चार कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक.

चारांतला एकच मिळणार असेल तर मोजमाप पुस्तिका घ्या. सगळे तिला एम.बी. म्हणतात. अभियंता प्रत्यक्ष मोजून लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहितो आणि बिल त्याच आकड्यांवर निघतं. समजा, 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड असा रस्ता नोंदलाय. म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात जाडी 10 सेंटिमीटर भरली तर काँक्रीट 30 घनमीटरच पडलं. वरून बघणाऱ्याला दोन्ही रस्ते सारखेच दिसतात. तुमचा उखडलाय हे एका अर्थी बरंच, तुटलेल्या कडेला पट्टी लावून जाडी मोजता येईल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ)खाली कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फारसा कुणी वापरत नाही.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करा, जोडपत्र 'ब' आणि 20 रुपयांचा स्टँप. 'हे आमच्याकडे नाही, बांधकाम उपविभागाकडे आहे' असं सांगून अर्ज परत करता येत नाही. तो 5 दिवसांत तिकडे पाठवणं हे त्यांचंच काम आहे.

राजस्थानात 1994 च्या डिसेंबरात कोट किराणा गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा कामांच्या नोंदी आणि हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले होते. ज्यांची नावं लागली होती तीच माणसं समोर बसलेली. ग्रामसभेत हेच करा. आरोप करू नका, एम.बी.तले आकडे वाचा आणि 'चला, आत्ता मोजू' म्हणा. 'भ्रष्टाचार' हा शब्द उच्चारलात की विषय रस्ता राहत नाही, तुमची भावकी आणि तुमचा पक्ष होतो.

आकडा जुळला नाही तरी लगेच चोरी समजू नका. आमच्या कामात लांबी 12 मीटर कमी भरली. मी इतिवृत्तात नोंद घ्यायला लावली, मग कळलं की तेवढा तुकडा अंगणवाडीसमोर टाकला होता आणि एम.बी.त तशी नोंद पुढच्या पानावर होती. मी ते पानच मागितलं नव्हतं. जाडीचा प्रश्न मात्र खरा निघाला, कंत्राटदाराच्या शेवटच्या बिलातून रक्कम कापली गेली. त्याला वर्ष लागलं.

मोजायला 30 मीटरची टेप न्या आणि दुसरं टोक धरायला कुणाला तरी सोबत घ्या. मी पहिल्यांदा टोकावर दगड ठेवून एकटाच मोजत होतो, तो दोनदा सरकला आणि दोनदा वेगळी लांबी आली.