परतवाड्याजवळच्या खेड्यात राहून ५० किलोमीटरची ट्रेल (डोंगर-रानातल्या पायवाटांवरची) अल्ट्रामॅरेथॉन ठरवलेल्या वेळेच्या आत पूर्ण करता येईल का?

होय, नक्की येईल, ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब धाव म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन, आणि तिच्यासाठी लागणारा चढ-उतार तुमच्या दारातच आहे. सह्याद्रीतल्या अशाच एका शर्यतीत मी आठ तासांचे लक्ष्य ठेवले होते आणि त्याआधीच पोहोचलो. त्याचे मोठे श्रेय मी चिखलदऱ्याच्या घाटातल्या उताराच्या सरावाला देतो. चढावर दम लागतो म्हणून बहुतेक जण चढाचाच सराव करतात. परंतु उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यांना सूक्ष्म इजा होते आणि ज्याने ही सवय आधी लावून घेतलेली नसते, त्याचे पाय शर्यतीच्या उत्तरार्धात साथ सोडतात. म्हणून आठवड्यातून एकदा घाट छोट्या, हलक्या पावलांनी पळत उतरावा. तीव्र चढ निःसंकोच चालतच चढावा.

आपल्याकडच्या उष्णतेचाही उपयोग होतो: दहा ते चौदा दिवस बेताच्या उन्हात सराव केल्यास घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते, मे महिन्यातली दुपार मात्र जीवघेणी असते, ती टाळावीच. नुसते पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते, त्यामुळे तहानेप्रमाणे मीठ-साखरेचे पाणी प्यावे आणि दर तासाला गूळ किंवा केळे खावे. मेळघाटच्या जंगलात वाघ, बिबट्या आणि अस्वल यांचा वावर आहे, तेव्हा वनविभागाच्या परवानगीशिवाय आत शिरू नये आणि अंधारात एकट्याने पळू नये.