भूसुरुंग पेरलेल्या जागेत प्राणी खरंच सुखाने राहू शकतात का?

हो, काही ठिकाणी राहिले आहेत. माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण अटलांटिक महासागरातल्या फॉकलंड बेटांचं.

१९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात अर्जेंटिनाच्या सैन्याने तिथे हजारो भूसुरुंग पेरले. राजधानी स्टॅनलीजवळचा यॉर्क बे हा पांढऱ्या वाळूचा सुंदर किनारा. युद्धाआधी लोक तिथे फिरायला जायचे, नंतर तो काटेरी तार लावून बंद झाला. पेंग्विन मात्र तिथेच राहिले. जेंटू पेंग्विनचं वजन साधारण ५ ते ८ किलो, मॅगेलॅनिक जातीच्या पेंग्विनचं त्याहून कमी. एवढ्या वजनाने सुरुंग सहसा फुटत नाही. तारेमुळे माणसं आली नाहीत आणि मेंढ्याही नाहीत. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण मेंढ्यांच्या चराईनेच बेटांवरचं टसॅक नावाचं उंच, झुपक्यांनी वाढणारं गवत संपत आलं होतं. कुंपणाआड गवताला पुन्हा वाढायची संधी मिळाली.

पण यावरून सुरुंग निसर्गाला चांगले असा अर्थ कृपया काढू नका. जड प्राण्यांचे त्यात बळी जातात. फॉकलंडमध्येच गुरंमेंढ्या मेल्या आहेत. पेंग्विन वाचले ते वजन कमी म्हणून.

पुढे सुरुंग काढायचं ठरलं तेव्हा पेंग्विनच्या काळजीने काही स्थानिक लोकांनीच शंका घेतली होती. हे जोखमीचं काम बहुतांशी झिंबाब्वेहून आलेल्या तज्ज्ञांनी केलं. वाऱ्याने वाळूच्या टेकड्या सरकून सुरुंग खोल गाडले गेले होते, त्यामुळे यॉर्क बे सर्वांत शेवटी साफ झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये बेटं सुरुंगमुक्त जाहीर झाली.