दारू नाही, सिगरेट नाही, मग पैसे जातात कुठे?

"भाऊ जुगारी झालाय का हो, की मीच उगाच संशय घेतेय?" हे विचारत एक ताई माझ्याकडे सल्ल्याला आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). भाऊ दारूला शिवत नाही, कामाला वेळेवर जातो, म्हणजे व्यसनी कसा, असं त्यांचं म्हणणं. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता नवल वाटत नाही. तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत, त्यामुळे घरच्यांना कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मी विचारलं, तुम्हाला नक्की खटकलं काय? जरा विचार करून म्हणाल्या, "बाथरूममध्ये नळ चालू असतो अर्धा अर्धा तास, आणि बाहेर येतो तर केस कोरडे." बस, मला तिथेच अंदाज आला, आत लपून फोनवर खेळत असणार. मग एकेक निघत गेलं. फोन कायम पालथा ठेवलेला, मॅच सुरू असली की जेवणात लक्ष नाही, बोललं तर अंगावर येतो, आणि जिंकला की सगळ्यांना सांगत सुटतो पण हरल्याचं अवाक्षर नाही. गाडी दुरुस्तीसाठी म्हणून ताईंकडून पैसे घेतले, त्याच आठवड्यात मामांना दवाखान्याचं कारण सांगितलं, मित्राला तिसरंच काहीतरी.

तो किती वेळ खेळतो हे लोक मोजत बसतात, मला त्यात फार अर्थ वाटत नाही. हरल्यावर काय करतो ते बघा. थांबतो, की गेलेले पैसे काढायला लगेच परत बसतो? ताई म्हणाल्या, हरला की रात्रभर जागाच असतो. यात डोक्याचा पण खेळ आहे, बक्षीस कधी लागेल ते कळत नसलं की माणूस जास्त चिकटून राहतो, आणि थोडक्यात हुकलं की ते हरणं वाटतच नाही, आता लागणारच असं वाटतं. जुगाराचा विकार १९८० पासून डीएसएम या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत आहे, पण दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या रांगेत तो बसला २०१३ मध्ये, डीएसएम-५ आलं तेव्हा. त्यात ९ खुणा दिल्यात, वर्षभरात त्यातल्या ४ किंवा जास्त दिसल्या की तज्ज्ञ निदानाचा विचार करतात. म्हणजे निदान तज्ज्ञांनीच करायचं, घरी बसून शिक्का मारायचा नाही हं.

त्या ९ मधली एक खूण मी ताईंना मुद्दाम वाचून दाखवली: पैशाची अडचण टोकाला गेली की सोडवायला दुसऱ्यांवर अवलंबून राहणं. ताई एकदम गप्प. दोनदा ठेव मोडून त्यांनीच त्याचं कर्ज फेडलं होतं, दोन्ही वेळा त्याच्याकडून शपथ घेऊन, आणि घरात कुणाला न सांगता. "म्हणजे मीच त्याला खेळायला पैसे पुरवले?" तसं नाही म्हटलं, माया होती म्हणून दिलेत, पण कर्ज फिटलं की त्याचा हात पुन्हा मोकळा होतो एवढं खरं.

मग ठरलं ते असं. हरलेल्या रात्री भांडायचं नाही, शांत वेळ बघून फक्त जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच बोलायचं, रोख पैसे द्यायचे नाहीत, आपल्या खात्याचे पासवर्ड बदलायचे. आणि "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही तो बोलला तर धमकी समजून सोडून द्यायचं नाही, त्याला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण या व्यसनात आत्महत्येचा धोका खरंच जास्त असतो.

पुढच्या वेळी त्याने मागितले तेव्हा ताई नाही म्हणाल्या. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी, "तुझ्या त्या मॅडमकडे येतो, पण एकदाच."

आला, फोन टेबलावर पालथा ठेवला, तो दोनदा थरथरला आणि दोन्ही वेळा याची नजर तिकडे. मी म्हटलं एकूण देणं कागदावर लिही, मला नको दाखवूस, ताईला दाखव. बराच वेळ लिहीत होता. ताईंनी कागद वाचला, घडी घातली, आणि मला म्हणाल्या, "मॅडम, मला तर यातलं निम्मंसुद्धा माहीत नव्हतं."