आरोग्य प्रश्नोत्तरे : ‘जागेवर बसवलेला’ मणका

प्रश्न : वय ४६, बैठे काम, राहणार फोंडा. यंदाच्या चवथीला स्टुलावर उभा राहून माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) केळ्यांचा घड बांधताना कंबरेत जोराची उसण भरली आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाऊ लागली. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील डिस्क (गादी) फुगल्याचे लिहिले आहे. दोन महिन्यांत दुखणे निम्म्यावर आले आहे. पेडण्याच्या किनारपट्टीत एक ऑस्टिओपॅथ तीन बैठकांत ‘सरकलेली गादी जागेवर बसवतो’, असे मित्र सांगतो. हे शास्त्र आहे, की आपल्या हाडवैद्यकीचेच नवे नाव?

उत्तर : दोन्ही नाही, आणि थोडेथोडे दोन्हीही. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी डॉक्टरांची तीन मुले १८६४ मध्ये मेंदूज्वराने दगावली. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि १८७४ मध्ये त्यांनी हाडे, स्नायू व सांधे यांवर हाताने उपचार करण्याची ‘ऑस्टिओपॅथी’ ही पद्धत मांडली. १८९२ मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय निघाले. आज अमेरिकेत ही पदवी घेतलेली व्यक्ती औषधे लिहून देणारी व शस्त्रक्रिया करणारी पूर्ण डॉक्टर असते. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा स्वतंत्र व्यवसाय असून १९९३ च्या कायद्याने त्याची नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे मात्र नुसती पाटी वाचून आत बसलेल्या माणसाचे शिक्षण कळत नाही, म्हणून ते सरळ विचारावे. तो मुळात नोंदणीकृत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट असेल तर निम्मी काळजी मिटते.

आता ‘जागेवर बसवण्या’बद्दल. डिस्क ही दोन मणक्यांमध्ये ठेवलेली सुटी चकती नसते. ती वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती सरकत नाही आणि बाहेरून दाबून बसवताही येत नाही. रुग्णाला कुशीवर झोपवून, वरचा गुडघा वाकवून, खांदा मागे धरून एक छोटा वेगवान झटका दिला की ‘कट्’ असा आवाज येतो. त्या आवाजाने माणसाला हायसे वाटते खरे, पण तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा आवाज असतो, हाड जागेवर आल्याचा नव्हे. बोटे मोडताना येतो तोच. याशिवाय स्नायू हळूहळू सैल करणे, किंवा रुग्णाला उपचारकाच्या हाताविरुद्ध पाचेक सेकंद हलकासा जोर लावायला सांगून मग अंग सोडायला लावणे, अशा सौम्य पद्धतीही याच शास्त्रात आहेत. तुमच्यासारख्या, पायात कळ जाणाऱ्या रुग्णासाठी मला या सौम्य पद्धती झटक्यापेक्षा अधिक पसंत आहेत.

अहवालातील ‘फुगलेली डिस्क’ या शब्दांनीही खचून जाऊ नये. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा चाळिशीतल्या सुमारे ५० टक्के लोकांत डिस्क फुगलेली आढळली होती. बाहेर आलेला डिस्कचा भाग काही आठवड्यांत वा महिन्यांत शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. त्यामुळे दोन महिन्यांनी एखाद्याकडे जाऊन बरे वाटले, तर श्रेय त्याचे किती आणि काळाचे किती, हे सांगणे अवघड असते. आपले मित्र हा हिशेब करत नाहीत!

हातांच्या उपचाराने कंबरदुखी काही प्रमाणात कमी होते, मात्र व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा तो फार सरस ठरलेला नाही. ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेतही असा उपचार व्यायामाच्या जोडीनेच करावा असे म्हटले आहे. म्हणून जायचे असेल तर जरूर जा, पण एमआरआय सोबत न्या, आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना कल्पना द्या, आणि दुखणे जरा हलके झाले की तेवढ्या सवडीत चालणे व शिकवलेले व्यायाम वाढवा. तीन बैठकांची हमी देणाऱ्याकडे मात्र मी स्वतः गेलो नसतो.

एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नये. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर कोणत्याही उपचारकाची वाट न पाहता त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आपत्कालीन विभागात जावे. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो. अशा पाठीला झटका देणे धोक्याचे आहे.

प्रश्न : माझे वय ६४, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. विळीवर बसून नारळ खवला की पाठ व मान आखडते. मुलगा ऑस्टिओपॅथकडे न्यायचे म्हणतो. जाऊ का? (वाचक भगिनी, डिचोली)

उत्तर : मान किंवा पाठ झटक्याने मोडून घेण्यासाठी जाऊ नका. ठिसूळ मणका अशा दाबाने पिचकू शकतो, आणि मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होणे क्वचित घडत असले तरी घडले तर पक्षाघातापर्यंत जाते. त्यात तुमची गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते. हलका शेक, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मानेचे व पाठीचे व्यायाम आणि ठिसूळपणावरचे औषध नियमित घेणे, एवढे पुरेसे आहे. विळी ओट्याच्या उंचीवर घट्ट बसवता आली तर वाकून बसावे लागणार नाही, आणि तोवर नारळ मुलाने खवून द्यावा, हे त्याला माझ्या नावाने सांगा.